इंगवल्यांचा सहा चॅनेलचा मिक्सर

इंगवल्यांनी चादर ओढली आणि माझा नवरा सतीश "बापरे!" म्हणून एक पाऊल मागे सरकला.

सहा फूट लांबीचा मिक्सर होता तो. स्टुडिओतला, चोवीस चॅनेलचा, विलायती. दोन्ही कडांना सागवानी फळ्या, आणि मधे निळ्या, लाल, करड्या नॉबच्या रांगाच रांगा. वरच्या अंगाला आवाजाची पातळी दाखवणारे दोन मीटर, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. पोस्टकार्डाएवढी पांढरी तबकडी आणि तिच्यावर काळा काटा.

मी आधी ते काटेच पाहिले.

"हाच," मी म्हणाले.

"अगं, चालू तरी करू दे त्यांना," सतीश हसून म्हणाला. मग इंगवल्यांकडे वळून म्हणाला, "दोन मिक्सर नाकारलेत हिनं. पुण्यातला छान होता, नव्यासारखा करून ठेवलेला. का नको, तर म्हणे त्याला काट्यांऐवजी दिवे आहेत. सांगलीतल्याचे काटे बारीक."

श्रीपतराव इंगवले चादरीची घडी घालत होते. सत्तरी ओलांडलेले, ताठ, अंगात इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. कोल्हापुरात त्यांनी तीस वर्षं स्वतःचा स्टुडिओ चालवला होता. तो बंद करून त्यांनी सगळं सामान घराच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं, आणि आता ते विकायला काढलं होतं. पण येईल त्याला देत नव्हते. फोनवरच म्हणाले होते, "बघायला या. द्यायचा का नाही ते मी ठरवणार."

ही २००९च्या मार्चमधली गोष्ट. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. अकरा वर्षं पुण्यातल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते. सतीश कऱ्हाडला शाळेत भूगोल शिकवायचा, मी शनिवार-रविवार घरी यायची. त्या जानेवारीत मी अचानक नोकरी सोडली, कऱ्हाडला आले आणि घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ टाकणार म्हणून जाहीर केलं. सतीशनं कारण विचारलं. मालकाशी पटेना, असं मी सांगितलं. त्यानं ते मान्य केलं आणि दुसऱ्या रविवारपासून मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकायला लागला.

सगळे सांगत होते की आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, हे जुनं धूड कशाला? मी ऐकून घ्यायची आणि पुन्हा फोन फिरवायला लागायची. मला हाताखाली नॉब हवे होते आणि डोळ्यांपुढे दोन मोठे काटे हवे होते. ते मिळेपर्यंत मी थांबणार नव्हते.

इंगवल्यांच्या पत्नी, इंदुमतीकाकू, चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मोकळ्या.

"कऱ्हाडहून आलासा? ऊन लागलं असंल. घ्या की," म्हणाल्या आणि दारातल्या खुर्चीवर टेकल्या.

इंगवल्यांनी मिक्सर चालू केला. काटे थरथरले आणि शून्यावर बसले. इंगवले माझ्या उजव्या हाताला उभे राहून एकेक गोष्ट सांगत होते. हे चॅनेल बदललेत, हा सरकवायचा फेडर जरा कोरडा चालतो, वीजपुरवठ्याची पेटी मी स्वतः नवी बांधली. मी मान वळवून वळवून ऐकत होते. मधेच त्यांनी काहीतरी विचारलं. मी मिक्सरकडे पाहत राहिले.

"उल्का, ते विचारतायत, तू शिकलीस कुठं?" सतीश म्हणाला.

"पुण्यातच. काम करता करता."

इंगवल्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कपाटातून हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"घाला. टेप लावतो. आवाज कुठं आहे ते सांगत जा."

"स्पीकरवर ऐकू की."

"मला हेडफोनवर सांगा."

मी हेडफोन घातला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. ते माझ्या पाठीमागे गेले. टेप सुरू झाली. सनई होती. डावा काटा उचलला गेला.

"डावीकडं," मी म्हणाले. "जवळ आहे. थोडी जास्तच जवळ."

"बरं. आता?"

डावा काटा खाली पडला. सनई थांबली. उजवा काटा हळूहळू वर आला आणि डोलायला लागला.

"आता उजवीकडं," मी म्हणाले. "स्वच्छ येतंय. छान आहे."

मी मान वळवली. इंगवले माझ्या मागे उभे होते, आणि माझ्या हेडफोनच्या वायरचं टोक त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते उपसून काढलेलं होतं.

"काय छान आहे?" त्यांनी विचारलं.

सतीश गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. मी हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"उजव्या कानानं किती ऐकू येतं?" इंगवल्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. सकाळी उठले, फोन वाजला, कानाला लावला, तर त्यात कुणीच नव्हतं. दुसऱ्या कानाला लावला तेव्हा माणूस बोलत होता. डॉक्टरांकडं गेले तोवर उशीर झालेला. आता परत यायचं नाही म्हणाले."

हे सगळं मी इंगवल्यांना सांगत होते, पण पाहत होते सतीशकडे. त्याच्या हातात चहाचा कप तसाच होता. पाच महिने मी त्याला हे सांगितलं नव्हतं.

"म्हणजे काटे बघून भागवणार होतासा," इंगवले म्हणाले.

"हो. तीन महिने पुण्यात तसंच भागवलं. मग एका गाण्यात सगळी वाद्यं डावीकडं कलली. गिऱ्हाईक म्हणालं, रेकॉर्डिस्ट झोपला होता काय? मालकाला वाटलं, मी दमलेय. त्याला खरं कळायच्या आत मी नोकरी सोडली."

इंगवल्यांनी चादर उचलली आणि मिक्सरवर पसरायला लागले.

"तुमच्याबद्दल वाईट वाटतं मला. पण हा मिक्सर तुम्हाला मिळायचा नाही. पंचवीस वर्षं मी ह्याच्यावर डावं-उजवं तोललंय. तुम्ही काटा बघून लोकांचं काम करणार, आणि लोकांना सांगणारसुद्धा नाही. ते मला चालायचं नाही."

"अहो, असं काय तोडून बोलताय?" सतीश एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "नाही द्यायचा तर नका देऊ. चल उल्का."

तो उठला. मी उठले नाही. मला राग आला होता, आणि तो इंगवल्यांवर नव्हता. ते बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता. अकरा वर्षं मी ज्या कामावर जगले ते काम मला सोडायचं नव्हतं, एवढं एकच मला नक्की माहीत होतं. बाकी ज्या वाटेनं मी निघाले होते ती वाट चुकली होती.

"काका," मी म्हणाले, "हा विलायती मिक्सर यायच्या आधी तुम्ही कशावर काम करत होता?"

"आधी? आधी मोनो होतं. एकच आवाज, एकच स्पीकर. मी स्वतः बांधलेला मिक्सर होता, सहा चॅनेलचा."

"त्याला काटे किती?"

"एक." ते बोलले आणि थांबले. मी काय विचारते आहे ते त्यांच्या लक्षात आलं. "तो उपयोगाचा नाही. त्याच्यात बिघाड आहे."

"कुठं आहे तो?"

"आत आहे," काकू दारातून म्हणाल्या. "कोठीच्या खोलीत. वर पापडाचे डबे ठेवलेत मी."

"बघायचाय मला."

"अहो बाई, बिघाड आहे म्हणतोय ना?" इंगवले चिडले. "पत्रा कापण्यापासून सोल्डरिंगपर्यंत सगळं मी केलेलं. दोन वर्षं सोन्यासारखा चालला. मग शहात्तर साली एका नाटकाचं पद रेकॉर्ड केलं, आणि त्याच्यात टकटक आली. बारीक. सगळा मिक्सर उघडला, एकेक वायर बदलली, आठ दिवस घातले. कारण सापडलं नाही. पुन्हा कधी ती टकटक आलीही नाही. पण ज्याच्यात बिघाड लपून बसलाय त्याच्यावर गिऱ्हाइकाचं काम कसं करायचं? बाजूला टाकला, आणि पुढं हा आणला."

"ती टेप आहे?"

"आहे. हिनं टाकू दिली नाही."

"लावा. स्पीकरवर लावा, एकाच."

सतीश पुन्हा खुर्चीत बसला. इंगवल्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला आणि आत जायला उठल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

पद सुरू झालं. तंबोरा, पेटी, तबला, आणि एका तरुण बाईचा आवाज. कोवळा, पण सुराला घट्ट. पहिली ओळ संपतानाच मला ती टकटक ऐकू आली. मी खुर्ची फिरवली, डावा कान स्पीकरकडे केला आणि डोळे मिटले. पद संपल्यावर म्हणाले, "पुन्हा." पुन्हा संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकताना मी काटा, नॉब, कान, सगळं विसरले होते. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच मी नुसती ऐकत होते.

"काका, हा बिघाड नाही," मी म्हणाले.

"मग काय आहे?"

"वायरीतली टकटक एकसारखी येते, नाहीतर वेडीवाकडी येते. ही तशी नाही. ही तबल्याच्या ठेक्यातसुद्धा नाही, तिचा आपला वेगळा संथ ठेका आहे. बाई श्वास घेते तेव्हा ही थांबते. वरचा सूर लावते तेव्हा जरा जोरात येते. हा हात आहे. बांगड्या घातलेला हात." मला बोलताना भीती वाटत होती, पण मी खात्रीनं ऐकलं होतं. "बाई बसून गातेय आणि कुणालातरी थोपटतेय. शेवटच्या कडव्याआधी पेटी थांबते ना, तिथं दुसरा एक श्वास आहे. अगदी लहान. नाक चोंदलेलं. तिच्या मांडीवर मूल आहे."

इंगवले हसले. "काहीतरीच. माझ्या स्टुडिओत मूल? मी पोरंबाळं आत येऊ देत नव्हतो. दारावर पाटी लावली होती."

"पाटी होती," काकू म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका हलका होता की मला मान वळवावी लागली.

"त्याला ताप होता," त्या म्हणाल्या. "कुणाकडं राहीना. तुम्ही पलीकडच्या खोलीत मशिनीपाशी. मधे काच नव्हती तेव्हा, नुसता लाल दिवा होता. तंबोऱ्यावरच्या बाईनं त्याला आडोशानं आत आणला. मांडीवर घेतला तसा झोपला. थोपटायचं थांबवलं की कुरकुर करायचा. म्हणून थोपटत थोपटत गायले."

इंगवले उभे होते ते खाली बसले. त्यांनी विचारलं, "बाळू?"

"मग दुसरं कोण?"

सतीशला आणि मला काही कळलं नाही. काकूंनीच आमच्याकडे पाहून सांगितलं. बाळू त्यांचा पहिला मुलगा. त्या पदानंतर चार महिन्यांनी गोवरात गेला. अकरा महिन्यांचा होता. पुढे मुलगी झाली, ती बेळगावला असते. पण बाळूचं घरात काही नव्हतं. फोटो काढायचा राहून गेला होता.

"मला का नाही सांगितलंस?" इंगवले म्हणाले.

"सांगणार होते. तुम्ही मिक्सर उघडून बसला होतासा, कुणी जवळ आलं तरी खेकसायचासा. म्हटलं, राग शांत झाल्यावर सांगू. तोवर तो गेला. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"तेहतीस वर्षं मी ती टकटक ऐकतोय," इंगवले म्हणाले. ते आमच्यापैकी कुणाकडेच पाहत नव्हते. "मी चूक शोधत होतो. माझी काय चूक झाली, तेवढंच शोधत होतो."

मग काकू आत गेल्या, आणि कोठीच्या खोलीतून डबे खाली ठेवल्याचे आवाज यायला लागले. सतीश उठून त्यांच्या मदतीला गेला. दोघांनी मिळून तो मिक्सर उचलून आणला. करड्या पत्र्याचा, ट्रंकेएवढा, सहा गोल काळे नॉब आणि मधे एकच काटा. एका कोपऱ्यात हळदीचा डाग पडला होता. काकूंनी तो पदरानं पुसायचा प्रयत्न केला, पण तो गेला नाही.

"हा मला द्या," मी म्हणाले. "ह्याच्यावर मी गाण्यांचं मिक्सिंग करणार नाही. बोलणाऱ्यांचं काम करीन, एकट्या गळ्याचं करीन. आणि येईल त्याला आधी सांगीन, माझा एक कान गेलेला आहे. पटलं तर बसा, नाहीतर दुसरीकडं जा."

इंगवल्यांनी एक नॉब फिरवून पाहिला. बोटांना तो ओळखीचा असावा. न बघताच ते त्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"जरा घट्ट झालाय," ते म्हणाले. "न्या. पण लगेच चालू करू नका. मी येतो, जोडून देतो."

निघताना ते आमच्याबरोबर गाडीपर्यंत आले, आणि मिक्सर व्हॅनमधे ठेवल्यावर त्याच्याखाली स्वतःच्या हातानं गोधडी सारली.

किणीचा टोलनाका मागे पडला. गाडी त्याच्या मित्राची होती आणि तो फार काळजीपूर्वक चालवत होता. त्याच्या डाव्या बाजूला बसलेल्या मला, माझा मेलेला कान त्याच्याकडे असल्यामुळे, तो काही पुटपुटला असता तरी कळलं नसतं. मी अंग वळवून त्याच्याकडे तोंड करून बसले.

"घरी मी हाक मारायचो," तो शेवटी म्हणाला. "तू बघायची नाहीस. दोन महिने मला वाटत होतं, तुला कऱ्हाडला यावं लागलं याचा राग माझ्यावर काढतेस."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी लपवण्यात इतकी गुंतले होते की माझं लपवणं त्याला कसं दिसत असेल याचा विचारच केला नव्हता.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "मला वाटलं, कळलं तर तू मला थांबवशील."

"थांबवलं असतं," तो म्हणाला. "शंभर टक्के थांबवलं असतं. म्हटलं असतं, बस घरी, मी कमावतोय ना."

"आणि आता?"

त्यानं आरशातून मागे पाहिलं.

"आता काय, मिक्सर गाडीत आहे," तो म्हणाला.

पेठ नाक्यावर आम्ही चहाला थांबलो. तिथं मी त्याला ऑक्टोबरपासूनचं सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसकट. तो मधेमधे प्रश्न विचारत होता, भूगोलाच्या मास्तरासारखे, एकामागून एक. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला जुन्या मालकांना फोन करून खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, आधी बोलायचंस ना. पुढच्याच महिन्यात त्यांनी मला पहिलं काम पाठवलं. अंध मुलांसाठी इतिहासाचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं होतं. त्याला मोनोच लागत होतं.

त्या मिक्सरवर पुढे खूप काम झालं. बोलती पुस्तकं झाली, श्रुतिका झाल्या, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एकशे चाळीस बाया झाल्या. काही लोक कानाचं ऐकून उठून गेले, ते मी धरून चालले होते. बरेच बसले. ते सगळं सांगत बसत नाही. पहिली जी गोष्ट मी त्याच्यावर केली ती मात्र कुणी दिलेलं काम नव्हतं.

ठरल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी इंगवले कऱ्हाडला आले. बरोबर काकू होत्या. दिवसभर खपून त्यांनी मिक्सर जोडला, नॉब साफ केले, आतले जुने कपॅसिटर बदलले. दुपारी चारच्या सुमारास काटा पहिल्यांदा हलला. मग त्यांनी पिशवीतून ती टेप काढली.

"गाणं नको," ते म्हणाले. "नुसतं ते जेवढं निघेल तेवढं काढून द्या."

गाण्याच्या पोटातला आवाज वेगळा काढता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी सांगितलं, आणि मी तरी बसले. जिथं गाणारी थांबते, पेटी थांबते, अशा जागा मी शोधल्या. चार सापडल्या. सगळ्या मिळून अकरा सेकंद. त्यात तंबोरा होता, पण त्याच्यावर तो हात स्पष्ट होता. टक, टक, टक. आणि शेवटी तो लहान श्वास.

मी चारही तुकडे एकापुढे एक जोडून स्पीकरवर लावले. इंगवल्यांनी ऐकलं आणि बोटानं खूण केली. मी पुन्हा लावले. असं आठ-दहा वेळा झालं असेल. काकू भिंतीच्या गादीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा शांत होता.

शेवटी त्या नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मिक्सर चांगला बांधला होतासा तुम्ही. काहीसुद्धा बिघडलं नव्हतं त्याचं."